क्षीण प्रवाहाचा उपासक : लॉर्ड केल्व्हिन

१८५८ च्या ऑगस्टमध्ये युरोप आणि अमेरिका समुद्राखालील तारेने प्रथमच जोडले गेले. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सुमारे सोळा तास लागले. संदेश जलद जावेत म्हणून कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच सदोष असलेले तारेचे आवरण त्यामुळे निकामी झाले आणि काही आठवड्यांतच ती कायमची मुकी झाली.

या कंपनीच्या संचालकांत ग्लासगो विद्यापीठाचे एक तरुण प्राध्यापक होते, विल्यम थॉमसन. २६ जून १८२४ रोजी बेलफास्ट येथे जन्मलेले थॉमसन दहाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाले आणि बाविसाव्या वर्षी तेथेच प्राध्यापक झाले. दाब वाढविण्याऐवजी ग्रहण करणारे यंत्र अधिक संवेदनक्षम करावे, असा त्यांचा आग्रह होता. रेशमाच्या तंतूला टांगलेला इवलासा आरसा, त्याच्या पाठीशी चुंबकाचे तुकडे आणि समोर दिव्याचा किरण, एवढ्या साधनांनी त्यांनी अतिक्षीण प्रवाहही वाचता येईल असे उपकरण सिद्ध केले. तारेतील तांबे शुद्ध असावे व त्याची कसून तपासणी व्हावी, हेही त्यांनी कंपन्यांच्या गळी उतरविले.

या काटकसरीचे मोल जंगलांनाही होते. तारांचे आवरण गटापर्चाचे असे. मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथील वृक्षांच्या चिकापासून ते मिळे; एका झाडातून जेमतेम काहीशे ग्रॅम आणि तेही झाड तोडून. तारांचे जाळे वाढत गेले तसतशी ती वने ओस पडत गेली. वने वाचविणे हा थॉमसन यांचा हेतू नव्हता. तथापि अधिक काळ टिकणारी तार म्हणजे कमी वृक्षतोड, हे ओघानेच आले.

१८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून टाकली जाणारी तार मध्येच तुटून सुमारे साडेतीन किलोमीटर खोल बुडाली. थॉमसन त्या जहाजावर होते. पुढील वर्षी नवी तार यशस्वी झाल्यावर हीच बुडालेली तार गळ टाकून वर काढण्यात आली आणि जोडून पूर्णही झाली. त्याच वर्षी थॉमसन यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८७० मध्ये याच जहाजाने मुंबई ते एडन ही तार टाकली आणि आपला किनारा या जाळ्यात आला.

१८८१ मध्ये यॉर्क येथील व्याख्यानात त्यांनी कोळशाचे साठे संपणार असल्याचे सांगून पवनऊर्जेकडे लक्ष वेधले. १८९२ मध्ये ते लॉर्ड केल्व्हिन झाले. हे नाव विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचे. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन यांच्या समाधीशेजारी त्यांना चिरविश्रांती मिळाली.

आज गटापर्चाची जागा पॉलिथिलीनने घेतली आहे. निकामी तारा समुद्रातून काढून त्यांतील तांबे व पोलाद पुन्हा वापरात आणले जाते. बुडालेली तार वर काढता येते, हे १८६६ मध्येच सिद्ध झाले होते.