तोफा, नांगर आणि कुंडलचा माळ

मुरुडच्या समुद्रात उभ्या असलेल्या जंजिऱ्याच्या बुरुजांवर कलालबांगडी, लांडा कासम आणि चावरी या तीन तोफा आजही आहेत. राजपुरीहून शिडाच्या होडीने आलेली शाळकरी मुले त्यांवरून हात फिरवतात आणि पुढे जातात. दुसऱ्या एका संस्थानातील तोफांच्या नशिबी मात्र निराळा शेवट होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा वितळविण्यासाठी दिल्या आणि त्या लोखंडाचे नांगर झाले. ज्या कारखान्यात ते झाले तो कोणत्याही शहरात नव्हता. तो एका ओसाड माळावर होता आणि त्याचे चालक होते लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

आडवळणाच्या गावी नवा उद्योग रुजू शकतो काय, हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर वरचेवर विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा मुंबईच्या गाडीत बसून दिले जाते. म्हणूनच लक्ष्मणरावांचे चरित्र पुन्हा एकदा नीट पाहणे अगत्याचे आहे. ते यशाच्या कथेसारखे सांगण्याची प्रथा पडली आहे. परंतु त्याचा पूर्वार्ध जवळजवळ सर्वस्वी अपयशाचा आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे हे त्यांचे दोन छंद. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे काही काळाने ध्यानात आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधील फरकच कळत नाही. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. रंग लागत नाहीत अशी एकच चित्रकला उरली होती, ती यंत्रांच्या आराखड्यांची. ती त्यांनी आत्मसात केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षकाची नोकरी करू लागले. अमेरिकन पुस्तकांतून आणि मासिकांतून त्यांनी यंत्रविद्येचा अभ्यास केला तो याच काळात. पुढे त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे रामूअण्णांसह सायकलींचे दुकान अगोदरच सुरू झालेले होते.

सायकलींच्या धंद्यात चार पैसे होते. पण दोघा भावांची दृष्टी शेताकडे लागली होती. आधी जनावरांचा कडबा कापण्याचे यंत्र झाले आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. हा नांगर दोन वर्षे पडून राहिला. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. तिला नुसते अज्ञान म्हणून हसणे सोपे आहे. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून असते, त्याला परक्याच्या प्रयोगासाठी आपले रान पणाला लावणे परवडत नाही. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही, आणि नांगर करणेही सोडले नाही. शेवटी तो शेतात चालताना दिसला तेव्हाच विश्वास बसला. कोणतीही नवी वस्तू खेड्यात नेणाऱ्याला अशा काळातून जावे लागते, आणि त्या काळात त्याच्या घरची चूल कशी पेटावी याचा विचार फारसे कोणी करीत नाही.

मागणी दिसू लागली तोच नवे संकट आले. बेळगावात नवी वसाहत वसविण्यासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करण्याचा हुकूम काढला. लक्ष्मणराव त्या सुमारास औंध येथे मंदिराच्या मंडपाचे बांधकाम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. रंगांनी दगा दिलेल्या या दुसऱ्या चित्रकाराला त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. येथे ओघाने एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. औंधच्या कारभारीपदी राहिलेले जेकब बापूजी इस्राएल आणि जंजिऱ्याच्या कारभारीपदी राहिलेले शालोम बापूजी इस्राएल हे दोघेही कुलाब्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेल्या बेने इस्राएल समाजातील होते. लहान संस्थानांचा कारभार आपण समजतो तितका कोंदट नव्हता.

१९१० मध्ये मंडळी कुंडलच्या माळावर उतरली. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते, सापांचा सुळसुळाट होता आणि पाण्याची ओरड होती. शंभूराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी ही लक्ष्मणरावांनी गोळा केलेली माणसे. फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती. पण यंत्राच्या बाबतीत त्यांची कल्पकता विलक्षण होती. वस्तीच्या राखणीसाठी लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना नेमले. दोघेही दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले. त्या दोघांनी हा विश्वास राखला. वस्तीत शिवाशिव पाळायची नाही हा दंडक होता. घरे, रस्ते, झाडे यांची आखणी रामूअण्णांनी केली. कारखाना काढणारे पुष्कळ असतात. लक्ष्मणरावांनी गाव वसविले, आणि कामगार तेथे टिकला तो या कारणाने. याच माळावरून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर’ मासिक निघाले आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही मासिकेही निघाली, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तेथे तयार होऊ लागले. ही यादी नीट पाहिली तर तिच्यातील प्रत्येक वस्तूची गरज कारखान्याच्या कुंपणाबाहेर, दिसेल इतक्या अंतरावर होती. लक्ष्मणराव शहरात राहिले असते तर त्यांना बाजार कदाचित अधिक मोठा मिळाला असता; परंतु यंत्र कोठे अडते आणि बैलाच्या मानेला कोठे काचते हे दररोज सांगणारा गिऱ्हाईक मिळाला नसता.

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. कुंडलच्या माळाला लागूनच पुणे–मिरज लोहमार्ग होता. स्थानकाचे नावच पुढे किर्लोस्करवाडी झाले. आडवळणाचा माळ खरा, पण त्याच्या दाराशी आगगाडी थांबत होती. मुरुडला रेल्वे नाही. जवळचे स्थानक रोह्याचे, आणि तेथपर्यंत घाटवळणांचा रस्ता. दुसरे असे की, माळ मिळाला तो एका राजाच्या मर्जीने. तो राजा गुणग्राहक होता हा योगायोग. मर्जीवर धोरण उभे राहत नाही. आणि उद्योग वाढला तेव्हा त्याच्या नव्या शाखा हरिहर, बंगळूर, पुणे येथे निघाल्या. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले तेही पुण्यात.

स्वातंत्र्यानंतर राजाची जागा शासनाने घेतली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले, १९६४ पासून मागास भागांसाठी सवलतींच्या योजना आल्या, १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे उघडू लागली. जमीन आणि कर्ज, म्हणजे औंधने जे दिले तेच, देण्याची ही सोय आहे. मात्र या साऱ्या यंत्रणेला कारखान्याची शेड दाखविता येते. दोन वर्षे न खपलेला नांगर कोणत्या रकान्यात भरावा, हे तिला उमगलेले नाही. ज्याचा माल खपत नाही तो थकबाकीदार ठरतो. बाळासाहेबांनी कर्ज दिले ते तयार उद्योगाला नव्हे, तर बेळगावातून उठविल्या गेलेल्या, पण नांगर न सोडलेल्या एका माणसाला.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरुड, श्रीवर्धन, अलिबागकडील वाड्या आडव्या केल्या. पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या नारळी-पोफळी एका दुपारी मोडून पडल्या. रोपे पुन्हा लावली गेली; पण पोफळ फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात आणि माडाला त्याहूनही अधिक. मधल्या काळात वाडीतला मुलगा मुंबईला गेला, तर त्याला बोल लावता येणार नाही. माडावर चढणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. सुपारी सोलण्याचे काम घरोघरच्या बायका आडकित्त्याने आणि हातांनी करीत आल्या आहेत, मासळी वाळते ती उघड्या उन्हात, आणि एका अवकाळी सरीने ती सारी वाया जाते. माडावर निर्धोकपणे चढता येईल असे साधन, सुपारी सोलण्याचे बेताच्या किमतीचे यंत्र, मासळी वाळविण्याची झाकलेली सोय, यांपैकी प्रत्येकाची गरज वाडीच्या आणि कोळीवाड्याच्या कुंपणापाशीच उभी आहे. अशी यंत्रे दूरच्या शहरांतील प्रदर्शनांत पाहावयास मिळतात. पण बिघडले की ती दुरुस्त करणारा, आणि वाडीतली तक्रार ऐकून पुढच्या वर्षी त्यांत बदल करणारा कारागीर शेजारच्या आळीत हवा. तो मुरुडच्या शाळेत आज आठवी-नववीत असेल, आणि बहुधा त्याला गणितात फारसे गुण पडत नसतील.