मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे (२२ सप्टेंबर १७९१ – २५ ऑगस्ट १८६७) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. लोहाराच्या घरी जन्मलेल्या फॅरेडे यांचे शालेय शिक्षण जुजबीच झाले. लंडनमधील एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षे उमेदवारी करताना, बांधणीस आलेली पुस्तके वाचून ते विज्ञानाकडे वळले. १८१३ मध्ये हंफ्री डेव्ही यांचे साहाय्यक म्हणून ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाले. १८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला.

जानेवारी १८३६ मध्ये त्यांनी तेथेच १२ फूट लांबी, रुंदी व उंचीची खोली उभारली. लाकडी सांगाड्यावर तांब्याची तार, कागद व कथलाचा वर्ख होता. आज तिला ‘फॅरेडे पिंजरा’ म्हणतात, परंतु मूळ रचना खोलीचीच. बाहेरून इतका विद्युतभार दिला, की पृष्ठभागावरून ठिणग्या उडू लागल्या. फॅरेडे स्वतः आत होते. त्यांच्याजवळच्या संवेदनशील विद्युतदर्शकांवर काहीही परिणाम झाला नाही.

हा प्रयोग स्थिर विद्युतेचा होता. रेडिओ लहरींचे अस्तित्व हर्ट्‌झ यांनी सिद्ध केले ते फॅरेडे यांच्या निधनानंतर दोन दशकांनी. तरीही संरक्षित खोलीची चाचणी आजही त्याच वळणाची आहे. भिंतीच्या एका बाजूस प्रक्षेपक, दुसऱ्या बाजूस ग्राहक ठेवतात. भिंत मध्ये नसताना आणि असताना मिळणाऱ्या संकेतांतील फरक डेसिबलमध्ये मोजतात. १०० डेसिबल म्हणजे शक्तीचा केवळ हजार कोटींवा भाग आत पोहोचतो. भिंती सहसा टिकतात. दाराच्या फटी आणि केबलच्या वाटा दगा देतात. ठाणे-डोंबिवलीतील रुग्णालयांत एमआरआय कक्षाला सहसा तांब्याचे अस्तर असते, ते याचसाठी. दार नीट न मिटल्यास बाहेरील लहरींच्या रेषा रुग्णाच्या प्रतिमेवर उमटतात.