खाऊ विकणारा कलैवाणर

आमच्या वसतिगृहात दाक्षिणात्य चित्रपटांचे वेड सर्वांनाच आहे. पडद्यावर मारामारी सुरू झाली की खोली दणाणून जाते. परंतु त्याच तमिळ चित्रसृष्टीत एके काळी लोकांना हसवता हसवता विचार करावयास लावणारा एक नट होऊन गेला, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव एन. एस. कृष्णन. तमिळ जनता त्यांना कलैवाणर, म्हणजे कलानिपुण, म्हणते.

त्यांचा जन्म १९०८ साली नागरकोविल येथे झाला. हे गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते. घरच्या गरिबीमुळे शाळा लवकर सुटली आणि नाटकाच्या थिएटरात सोडा, खाऊ विकण्याची पाळी आली. विकता विकता नाटक डोळ्यांत भरले. धनुष्याला घुंगरे बांधून गायिल्या जाणाऱ्या विल्लुप्पाट्टूत त्यांनी उमेदवारी केली, मग नाटक मंडळीत शिरले. १९३६ साली ‘सती लीलावती’ने ते पडद्यावर आले. त्याच सुमारास ‘वसंतसेना’च्या चित्रणासाठी ते आपल्या पुण्यास आले होते. त्या वेळी टी. ए. मधुरम यांची गाठ पडली. पुढे दोघांचे लग्न झाले आणि ही जोडी घरोघरी पोचली.

१९४४ च्या नोव्हेंबरात मद्रासेत लक्ष्मीकांतन या पत्रकाराचा खून झाला. नटनट्यांची बदनामी छापून तो पोट भरी. या खटल्यात गायक नट त्यागराज भागवतर यांच्याबरोबर कृष्णन यांनाही जन्मठेप झाली. अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागावी लागली आणि १९४७ साली दोघे निर्दोष सुटले. भागवतरांचे वैभव परतले नाही. कृष्णन मात्र पुन्हा उभे राहिले.

१९४९ साली त्यांचा ‘नल्ल तंबी’ आला. त्याची कथा सी. एन. अण्णादुराई यांची. त्यात कृष्णन यांनी किंदनारचे कथाकालक्षेपम केले. हा प्रकार तंजावरच्या मराठी राजवटीत आपल्या कीर्तनाच्या संस्काराने घडला. अस्पृश्य घरातला किंदन शहरात जाऊन शिकतो आणि शिक्षणखात्याचा अधिकारी होऊन गावी परततो, अशी ती कथा. लोक पोट धरून हसले आणि हसतानाच जातिभेदाची लाज त्यांना वाटली असेल!

ही कथा वाचली आणि मी अस्वस्थ झालो. माझे वडील जत्रेत सोड्याची गाडी लावतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. गेल्या वर्षी वर्गातले मित्र जत्रेस आले, तेव्हा मी गाडीमागे लपलो. वडिलांनी ते पाहिले. बोलले काहीच नाहीत. त्यांच्याच बाटल्यांच्या पैशांतून माझी फी भरली जाते. किंदन साहेब होऊनही गावी परतला, आणि मी गावात असून दडलो!

कृष्णन यांनी मिळवले ते सढळ हाताने वाटले. ३० ऑगस्ट १९५७ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले तेव्हा गाठीशी फारसे उरले नव्हते. चेन्नईत त्यांच्या नावाचे सभागृह, कलैवाणर अरंगम, आजही उभे आहे. ज्याने नाट्यगृहात खाऊ विकला, त्याचेच नाव नाट्यगृहाला मिळाले!

यंदाच्या जत्रेत मी गाडीपुढे उभा राहणार आहे. मित्रहो, अवश्य या. सोडा मी स्वतः फोडून देईन.