बीव्हरांचा सखा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे एक गाव आहे. तेथे १८ सप्टेंबर १८८८ रोजी आर्चिबॉल्ड बेलानी याचा जन्म झाला. आईबाप जिवंत असूनही त्यांचे प्रेम त्याला फारसे लाभले नाही. आजी व दोन आत्या यांनी त्याला वाढविले. घरात शिस्त कडक होती; त्यामुळे आर्चीचे मन घरापेक्षा जवळच्या रानातच अधिक रमे. उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या कथा वाचण्याचे त्याला वेड होते. आपणही त्यांच्यासारखे अरण्यात राहावे, हा एकच ध्यास त्याने घेतला आणि १९०६ साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, तो कॅनडास जाणाऱ्या बोटीत चढला.

ऑन्टॅरिओ प्रांतातील टेमागामी सरोवराच्या परिसरात ओजिब्वे जमातीचे लोक राहतात. त्यांच्या सहवासात बेलानी यांनी होडी वल्हविणे, बर्फावर चालण्याची जाळीदार पादत्राणे वापरणे, श्वापदांचा माग काढणे आणि सापळे लावणे या विद्या संपादन केल्या. ओजिब्वे भाषाही ते शिकले. केस वाढवून त्यांची वेणी घातली, हरणाच्या कातड्याचा पोशाख केला आणि कालांतराने ग्रे आउल, म्हणजे राखी घुबड, हे नाव धारण केले. एवढ्यावरच ते थांबते तर बरे होते. परंतु आपली आई अपाची जमातीची होती, असेही ते लोकांना सांगू लागले. हे धादांत असत्य होते.

पोटासाठी त्यांनी पत्करलेला धंदा सापळे लावण्याचा होता. त्या अरण्यात सर्वांत मोल होते ते बीव्हराच्या कातड्याला. त्याच्या मऊ लोकरीपासून युरोपात उंची टोप्या होत असत. या हौसेपायी दोन-अडीचशे वर्षे बीव्हरांची अखंड हत्या चालली होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कित्येक नद्यांवर औषधालाही बीव्हर उरला नव्हता.

हा प्राणी आहे तरी कसा? उंदीर-खारींच्या कुळातला, परंतु वजनाने वीस किलोंच्या आसपास भरणारा. शेपूट वल्ह्यासारखी चपटी, दात नारिंगी व पटाशीसारखे धारदार. या दातांनी तो झाडे पाडतो आणि फांद्या, दगड व चिखल यांचा बांध घालून ओढा अडवितो. त्याच्या घराचे दार पाण्याखाली असते. लांडग्याला ते सापडू नये व हिवाळ्यात ते बर्फाने बंद होऊ नये, म्हणून त्याला खोल पाणी लागते. त्यासाठीच हा सारा खटाटोप. खटाटोप स्वतःच्या कुटुंबासाठी असला, तरी त्याचा लाभ साऱ्या रानाला होतो. अडलेले पाणी पसरते व जमिनीत मुरते; गाळ तळाशी बसतो; पुराचा वेग मंदावतो. तेथे बेडूक व चतुर वाढतात, बदके घरटी करतात, मूस नावाचे प्रचंड सांबर पाणवनस्पती चरावयास येते. वणवा पेटला, तरी हा ओला पट्टा पुष्कळदा हिरवा राहतो. पुढे तळे गाळाने भरले, की त्या जागी सुपीक कुरण तयार होते. बीव्हर मारले गेले, की बांध दुरुस्त करणारे कोणी उरत नाही. मग बांध फुटतात, तळी आटतात आणि त्यांच्या आश्रयाचे जीवही निघून जातात.

ग्रे आउल यांच्या जीवनात १९२८ सालच्या वसंतऋतूत पालट झाला. त्यांच्या सापळ्यात एक बीव्हराची मादी सापडून मेली. मागे तिची दोन पिले उरली होती. त्यांचे रडणे तान्ह्या मुलासारखे होते. ग्रे आउल यांच्या पत्नी अनाहारिओ या मोहॉक जमातीच्या होत्या. त्यांना ते रडणे ऐकवेना. पिलांना मारू नये, आपण वाढवावे, असा आग्रह त्यांनी धरला आणि पतीने तो मानला. ती पिले झोपडीत वाढू लागली, अंगाखांद्यावर खेळू लागली. असल्या जिवांना मारून पैसा मिळवावयाचा, या विचाराने ग्रे आउल अस्वस्थ झाले. पुढे बीव्हर मारावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. दुसरा धंदा तर येत नव्हता! त्या दिवसांत घरात दारिद्र्य आले, परंतु निश्चय ढळला नाही. वर्षभरात ती दोन्ही पिले अरण्यात नाहीशी झाली व पुन्हा कधी दिसली नाहीत. त्यांच्यामागून जेली रोल नावाची मादी व रॉहाइड नावाचा नर घरात आले.

ग्रे आउल आता लेखणीकडे वळले. त्यांचे लेख वाचून सरकारने १९३१ मध्ये त्यांना राष्ट्रीय उद्यानात नोकरी दिली आणि त्याच वर्षी ते सास्कॅचेवानमधील प्रिन्स अल्बर्ट उद्यानात, अजवान सरोवराच्या काठी राहावयास गेले. तेथील झोपडी माणसांची की बीव्हरांची, असा प्रश्न पडावा! बीव्हरांनी आपले घर झोपडीच्या भिंतीला भिडवून, निम्मे आत व निम्मे बाहेर, असे बांधले होते आणि चिखल-काटक्यांची ने-आण धन्याच्या डोळ्यांदेखत चाले. येथेच त्यांनी पुस्तके लिहिली. इंग्लंडमध्ये त्यांच्या व्याख्यानांना अलोट गर्दी लोटली. डिसेंबर १९३७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजकन्यांनीही त्यांचे भाषण ऐकले. निसर्ग आपल्या मालकीचा नसून आपण निसर्गाचे आहोत, हे ते परोपरीने सांगत.

या दगदगीने व मद्याच्या जुन्या व्यसनाने शरीर पोखरले होते. १३ एप्रिल १९३८ रोजी, एकोणपन्नासाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. लगेच नॉर्थ बे येथील वृत्तपत्राने त्यांचे खरे नाव व जन्मस्थान उघड केले. ही हकिकत त्या वृत्तपत्राला तीन वर्षांपासून ठाऊक होती. परंतु बीव्हरांच्या कार्याला धक्का लागू नये, म्हणून संपादकांनी ती दाबून ठेवली होती. लोक संतापले. ज्या आदिवासींचे नाव त्यांनी घेतले, त्यांच्या विश्वासाचाही प्रश्न होता. टेमागामीत त्यांनी पहिली पत्नी व लहान मुलगी यांस सोडून दिले होते, हेही जगाला कळले. पुस्तकांचा खप घसरला. बीव्हरांविषयी लिहिलेले मात्र कोणाला खोटे ठरविता आले नाही, आणि पुढे कॅनडाच्या पुष्कळ नद्यांवर बीव्हर पुन्हा वसले.

ग्रे आउल यांस अजवान सरोवराच्या काठीच पुरले आहे. अनाहारिओ १९८६ साली वारल्या. त्यांची व मुलगी डॉन हिचीही समाधी तेथेच आहे. ती झोपडी अद्याप उभी आहे आणि सुमारे वीस किलोमीटर पायी चालून किंवा होडीने लोक ती पाहावयास जातात.