संत झेवियर आणि राजाला लिहिलेली दोन पत्रे

मंडळी, ३ डिसेंबरला इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी, तिकडे जुन्या गोव्यात झेवियरचे फेस्त! १५०६ साली जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १५४२ मध्ये गोव्यात आले. तमिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवांमध्ये (आपल्या आखातासारखेच पाणबुडे!) काम करताना त्यांनी पोर्तुगीज अधिकाऱ्यांचा जुलूम पाहिला. अधिकारी आपल्याच धर्माचे, तरी ते गप्प बसले नाहीत. १५४५ मध्ये त्यांनी थेट राजा तिसरा जॉन याला लिहिले : अशांना शिक्षा करा, नाहीतर देवापुढे जाब तुम्हालाच द्यावा लागेल. हे धाडस आम्हाला मनापासून आवडते.

पण पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले. १५५२ मध्ये ते वारले. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि शेजाऱ्याची खबर देणे हेच धर्मकर्तव्य ठरले. ते कायमचे बंद झाले १८१२ मध्ये.