धरणगावचा औट्रम

नशिराबादच्या काचेच्या बांगड्यांचा एकेकाळी खानदेशात मोठा लौकिक होता. या गावाने लूटही तेवढीच सोसली. सातमाळ्यातून भिल्लांच्या धाडी येत. १८०१ साली जुबा नावाच्या पुंडाने गाव लुटले आणि पाठोपाठ १८०३ चा दुष्काळ आला. १८१८ मध्ये कंपनी सरकारच्या हाती आला तो असा खानदेश.

नव्या अंमलदारांनी आधी बंदूक चालवून पाहिली. डोंगर काही वठणीवर आला नाही. मूळ दुखणे वेगळेच होते. भिल्ल हे गावोगावचे परंपरागत राखणदार. त्यांचे हक्क बुडाले आणि राखणारेच लुटू लागले. त्यांना नोकरीत घेण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, पण कोणी फिरकले नाही. सरकारी बोलावणे म्हणजे सापळा, असेच ते धरून चालत. त्यांचे काय चुकले?

१८२५ मध्ये हे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले. इंग्लंडमधल्या एका इंजिनियरचा हा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला. सुरुवात त्यानेही छाप्यानेच केली, हे विसरू नये. मात्र पकडलेल्यांमधूनच त्याने मध्यस्थ निवडले आणि त्यांच्या ओळखीने पहारा न घेता नाईकांच्या पाड्यांवर जाऊन राहिला. त्यांच्याबरोबर शिकार केली, दारूही पाजली. कर्जवसुलीच्या निमित्ताने मी खेडी पुष्कळ पाहिली आहेत. जीपमधून उतरलेल्या साहेबाला गाव एक सांगते, ओट्यावर टेकलेल्याला दुसरेच.

पहिल्यांदा पाच जण आले. धरणगावला भिल्ल पलटण उभी राहू लागली. मग ही पोरे मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा औट्रमच्या जुन्या पलटणीतले उच्चवर्णीय शिपाई आपणहून त्यांना भेटायला आले आणि त्यांनी त्यांच्या हातावर सुपारी ठेवली. मला या सगळ्या हकिगतीत ही सुपारी मोठी वाटते. पगाराने माणूस कामावर येतो. आपण परके नाही, हे त्याला कळायला असे काहीतरी लागते. १८२७ अखेर पलटण सहाशेच्या घरात गेली. त्याच सुमारास कन्नडला दुसरा अधिकारी भिल्लांना शेतीवर बसवत होता, बैल-बियाण्यासाठी तगाई देत होता.

१८३५ मध्ये औट्रम गुजरातेत गेला. पुढे सिंध, तिथे नेपियरशी उघड वैर, मग लखनौ. माणूस मोठा झाला, पण त्याच्यामागे सरकारची पाड्यावरची ओळख तेवढी राहिली नाही. सेंधवा घाटाच्या राखणीला सरकारी नोकरीत असलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये उठले. औट्रम तेव्हा लखनौला उठाव मोडण्यात गुंतला होता. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली, पुष्कळ भिल्ल पडले. औट्रम १८६३ साली फ्रान्समध्ये वारला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरले.