शाळेच्या भिंतीवरची मुले

चित्रांच्या जगात राजे-महाराजे पदोपदी भेटतात. खेड्यातल्या शाळेत जाणारी पोरे मात्र क्वचितच. म्हणूनच लेडी वॉटरफर्ड यांचे चरित्र मला मोलाचे वाटते.

लुईझा यांचा जन्म १८१८ साली पॅरिसमध्ये झाला. वडील तेथे इंग्लंडचे राजदूत होते. थोरली बहीण शार्लट हीसुद्धा जलरंगात चित्रे काढी. पुढे ती लॉर्ड कॅनिंग यांची पत्नी म्हणून १८५६ मध्ये हिंदुस्थानात आली. याच कॅनिंगसाहेबांच्या कारकिर्दीत, १८५७ साली, आपले मुंबई विद्यापीठ स्थापन झाले.

लुईझाबाईंचे लग्न १८४२ मध्ये आयर्लंडमधील एका मोठ्या सरदाराशी झाले. १८५९ मध्ये पती घोड्यावरून पडून वारले. पदरी मूल नव्हते. बाई इंग्लंडच्या उत्तर सीमेजवळील फोर्ड या खेड्यात राहू लागल्या. तेथे त्यांनी मुलांसाठी शाळा बांधली आणि १८६२ पासून तिच्या भिंतींसाठी चित्रे काढावयास घेतली. कागदावर जलरंगात रंगवून ती कापडावर चिकटवायची व भिंतीवर बसवायची. हे काम एकवीस वर्षे चालले.

विषय बायबलमधील बालकांचे. पण समोर बसविली ती गावातलीच मुले आणि त्यांचे आईबाप. ज्यांचे चेहरे एरवी कुणी जपले नसते, तेच मोझेस आणि डेव्हिड झाले! बाईंना कलेत मार्गदर्शन करणारे रस्किन यांना ही चित्रे फारशी रुचली नाहीत. तरी बाईंनी काम सोडले नाही. १८९१ मध्ये त्या निवर्तल्या. शाळा १९५७ पर्यंत चालली. चित्रे आजही तेथेच आहेत.

मी उंबरमाळीचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या शाळेच्या भिंतीवर थोर पुढाऱ्यांच्या तसबिरी होत्या, त्यांना मी वंदनच करतो. पण आमच्यासारखा एकही चेहरा तेथे नव्हता. भिंतीवर आपला चेहरा पाहणाऱ्या त्या पोरांना शाळा किती आपली वाटली असेल!

अर्थात बाई गावच्या मालकीण होत्या, हेही विसरून चालणार नाही. कुंचला त्यांच्या हाती; मुलांनी फक्त बसायचे. आमच्याकडे वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. तो हात आमच्या शाळेच्या भिंतीपर्यंत पोचावा. मग आमची चित्रे काढायला बाहेरून कुणी यावे लागणार नाही.